आरतीच्या ठेक्यावर बीजी

संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या येतात. माझं संशोधन म्हणजे लाकडाचा एक ठोकळा होता. सुताराकडून करून घेतलेला, वर खरखरीत रबर ठोकलेलं, आणि एकट्यानं उचलला तर कंबर धरेल इतका जड. त्यावर माणसाला चढवायचं, उतरवायचं, पुन्हा चढवायचं, आणि ठरलेला वेळ संपला की खुर्चीत बसवून मनगट धरायचं. नाडी लवकर शांत झाली तर माणूस तंदुरुस्त, धडधडतच राहिली तर नाही. बस, इतकंच. त्यासाठी मी अमरावतीहून एम.एस्सी. करून आले होते. माझे बाबा येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "आमच्या पोरीला सरकार पायऱ्या चढवायचा पगार देते बाप्पा!"

पंजाबात अतिरेक्यांचं जे चाललं होतं, त्याची ती वर्षं. ह्यांची केंद्र सरकारच्या कचेरीत चंदिगडला बदली झाली आणि लग्नानंतर मीही मागोमाग आले. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही एका शीख कुटुंबाच्या कोठीत, म्हणजे बंगल्यात, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. मला एका वैद्यकीय संस्थेत नोकरी लागली. आमच्या सरांनी भलतंच मोठं काम अंगावर घेतलं होतं. शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या हजारो माणसांची शारीरिक क्षमता मोजायची. आजाऱ्यांची नाही, घरोघरच्या साध्या, हिंडत्याफिरत्या माणसांची. "आजार सगळेच मोजतात," सर म्हणायचे, "दम किती आहे ते कोणी मोजलंय?" सर नाशिकचे. बोलणं तुटक, पण हसले की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून जायची.

ठोकळ्याच्या जोडीला आमच्याकडे हाताची पकड मोजायचं यंत्र होतं. मूठ आवळायची, काटा सरकतो. हे यंत्र पंजाबी पुरुषाच्या हाती दिलं की संपलंच! एकाचा आकडा ऐकला की दुसरा बाह्या सरसावून पुढे, आणि हरलेला म्हणणार, "मॅडमजी, एक बार और, हाथ में पसीना था." आमच्या घरमालकांनी तर कहर केला. त्यांना मी वीरजी म्हणायची, म्हणजे भाऊ. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, धिप्पाड, निळी पगडी, आवाज असा की फोनची गरज नाही. त्यांनी ते यंत्र चेहरा लाल होईपर्यंत आवळलं, मग कुंपणावरून शेजारच्या निवृत्त कर्नलसाहेबांना हाक मारली, आणि त्यांना हरवल्यावरच चहाला हात लावला.

बायका मात्र ठोकळा बघितला की दुपट्टा तोंडाला लावून हसत सुटायच्या. "इस पे चढ़ के क्या मिलेगा?" असं विचारायच्या. एकट्या बीजींनी तो प्रश्न विचारला नाही. बीजी म्हणजे वीरजींची आई. ठोकळा अंगणात आणून ठेवला त्या दिवशी त्यांनी त्याला एक फेरी मारली, पायानं ढकलून बघितला आणि म्हणाल्या, "पक्का है."

साठी ओलांडलेली ही बाई उंच होती, ताठ होती, आणि माझ्या पोळ्यांची वैरीण होती. "कुडिये," म्हणजे पोरी, "ये रोटी है या कागज?" असं म्हणून माझी पोळी उजेडाला धरायची. तिच्यातून पलीकडचं दिसलं की खूष! रोज एकदा जिना चढून वर यायच्या, वळणावर कठड्याला धरून दम घ्यायच्या, आणि दारातूनच मला काहीतरी ऐकवायच्या. त्या पंजाबी बोलायच्या, मी हिंदी, आणि रागावले की मी सरळ वऱ्हाडीत घुसायची. त्यांचं काही अडायचं नाही.

पूर्वी त्या रोज सकाळी मैत्रिणींबरोबर तळ्यावर फिरायला जायच्या. वातावरण बिघडलं तसं वीरजींनी ते बंद केलं. मग गुरुद्वारा फक्त त्यांच्या गाडीतून. मग बाजारही बंद. शेवटी बीजींच्या वाट्याला गेटपासून पेरूच्या झाडापर्यंतचं अंगण उरलं होतं. तिथं त्या फेऱ्या घालायच्या. मी वरून बघायची आणि मला राग यायचा, पण कोणाचा येतो ते कळायचं नाही. वीरजी वाईट माणूस नव्हता हो. भ्यालेला होता. पगडी बघून कोण काय करेल याची भीती, आणि पगडी न बघता कोण काय करेल याचीही. सकाळचा पेपर वाचून झाला की तो उलटा घडी करून ठेवायचे, बीजींना पहिलं पान दिसू नये म्हणून. आणि बीजी तो सुलटा करून वाचायच्या.

त्या वर्षी ऑगस्टात ठरलं की सप्टेंबरअखेर गुरुद्वाऱ्यातून हेमकुंड साहिबला जथा निघणार. यात्रेला जाणारी मंडळी, एक बस, सोबत स्वयंपाकी. बस डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाते, तिथून पुढे पायी चढायचं, अगदी वर, जिथं बर्फाच्या पाण्याचं तळं आहे. थंडी सुरू झाली की वाट बंद. बीजींना तरुणपणापासून जायचं होतं. दर वर्षी काहीतरी निघायचं. कोणाचं बाळंतपण, कोणाची परीक्षा, मग नवऱ्याचं लांबलेलं दुखणं. आता नवरा गेलेला, नातवंडं मोठी झालेली. बीजी मला म्हणाल्या, "आता कोण अडवणार?"

अडवायला वीरजी होतेच. अंगणात चहा चालला होता, आम्ही दोघंही खाली होतो. वीरजी म्हणाले, "बीजी, घरचा जिना चढताना तुम्ही मध्ये थांबता. तिथं दिवसभर चढायचंय." बीजी म्हणाल्या, "थांबत थांबत चढेन." जुंपली दोघांची. शेवटी वीरजींनी माझ्याकडे बोट केलं. "ठीक आहे. भाभीजींचा ठोकळा काय तो निकाल देईल. त्यांनी फिट म्हटलं तर मी स्वतः बसमध्ये बसवून देतो. नाही म्हटलं तर हा विषय बंद."

बीजींनी माझं मनगट पकडलं. "ऐकलंस? तू साक्षीदार."

वीरजींनी हे कबूल केलं, कारण बीजी नापास होणार याची त्यांना खात्री होती. ते मलाही कळत होतं. बीजींना कळत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बावीस सेक्टरातल्या बाजारात पिटाळलं आणि पांढरे कॅनव्हासचे बूट आणवले. जन्मभर जुत्ती आणि चप्पल घातलेली ती बाई, बूट घालून अंगणात आली तेव्हा लेस दोन्ही बाजूंनी लोंबत होत्या. लेस बांधायची कशी ते माहीतच नव्हतं. मी वाकून बांधल्या तर म्हणाल्या, "पंजाबच्या बाईचे पाय मराठी पोरीनं बांधले," आणि खो खो हसल्या.

आता इथं ठेक्याचं सांगायला हवं. ठोकळ्यावर चढायचं ते आपल्या मनानं नाही, सगळ्यांनी एकाच वेगानं. नाहीतर हजार माणसांची तुलना कशी करणार? त्यासाठी कचेरीत एक लाकडी पेटी होती. किल्ली दिली की तिचा काटा डावीकडे-उजवीकडे हलतो आणि टिक-टिक वाजतो. पण त्या दिवसांत रस्तोरस्ती नाके, पोत्यांमागे जवान, आणि प्रत्येक डबा उघडून दाखवायचा. सरांनी सांगून टाकलं, "टिकटिकणारी पेटी ह्या इमारतीच्या बाहेर जाणार नाही. तुम्हाला सोडवायला मी येणार नाही." टेपरेकॉर्डरचीही तीच कथा. तेव्हा ठरलं की बाहेर जाताना एकानं टाळ्यांनी ठेका धरायचा आणि दुसऱ्यानं माणसाकडे लक्ष ठेवायचं. आधी कचेरीत पेटीसमोर सराव, मग शेजारीपाजारी सराव, मग गावं.

माझा टाळ्या धरणारा सहकारी मोहालीहून यायचा. नेमका बीजींच्या चाचणीच्या रविवारी बंद पुकारला आणि तो अडकला. मी म्हटलं पुढे ढकलू. तर आमचे हे उभे राहिले. "ढकलायचं कशाला? मी धरतो ठेका. ह्या चंदिगडात माझ्याइतका ठेका कोणाचा आहे सांग!" हे सांगलीचे. मराठी मंडळाच्या गणपतीत झांज ह्यांच्याकडे, आणि त्याचा अभिमान इतका की पगारवाढीचा नसेल. तरी मी त्यांची परीक्षा घेतली. कचेरीतला वेग माझ्या कानात बसलेला होता, मी धरून दाखवला, त्यांनी तो अचूक उचलला. मला काही म्हणायला जागा राहिली नाही.

संस्थेतल्या डॉक्टरांनी बीजींचं हृदय आणि रक्तदाब आधीच तपासून होकार दिला होता. अंगणात पेरूखाली ठोकळा मांडला. त्या दिवशी गल्लीतल्या चार बायकांनाही मी चढवणार होते, त्या ओळीनं वेताच्या मोढ्यांवर बसल्या. वीरजी हाताची घडी घालून कठड्याशी. ह्यांनी बाह्या वर केल्या. टाळी, टाळी, टाळी, टाळी. बीजींचा एक पाय वर, दुसरा वर, एक खाली, दुसरा खाली. सुरुवात कशी देखणी झाली म्हणून सांगू! ताठ पाठ, नजर समोर. बायका "शाबाश बीजी" म्हणून ओरडायला लागल्या, ह्यांनाही चेव आला. शेवटाला तर ह्यांच्या अंगातच आलं होतं, डोळे मिटून टाळ्या चालल्या होत्या. बीजी लाल झाल्या, कपाळावर घाम, पण थांबल्या नाहीत. वेळ संपली. मी खुर्ची पुढे केली, मनगट धरलं. नाडी पळत होती ती पळतच राहिली.

तक्त्यात त्यांच्या वयापुढे निकाल निघाला, 'कमी'. मी तो मोठ्यानं वाचलाही नाही. वीरजींनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. ते काही टाकून बोलले नाहीत, फक्त सुटल्यासारखा श्वास सोडला. गल्लीतल्या बाकीच्या बायकांचेही निकाल तसेच निघाले. एकीचं तर वय पंचविशीच्या आत! हे म्हणाले, "पराठे, दुसरं काय." मीही तेच धरून बसले.

बीजींनी वाकून लेस ओढल्या, बूट काढले, पुसले, आणि खोक्यात परत ठेवून झाकण लावलं. "कुडिये, तू खरं तेच सांगितलंस ना?" "हो बीजी." "मग झालं." त्यानंतर त्या वर आल्या नाहीत. माझ्या पोळ्यांना कोणी उजेडाला धरेना. मी स्वयंपाक करताना दोनदा रडले, आणि ह्यांच्यावर काही कारण नसताना ओरडले.

मग गणपती आले. मंडळाचा गणपती एका भाड्याच्या हॉलमध्ये बसायचा. त्या वर्षांत संध्याकाळची आरती उजेड असतानाच उरकायची, दाराशी पिशव्या तपासायला दोन पोलीस, आणि ते पोलीसही शेवटी मोदक खाऊन जायचे. मी बीजींना म्हटलं, "चला माझ्याबरोबर." नको नको म्हणत होत्या. मी वऱ्हाडीत घुसले, तेव्हा मुकाट्यानं दुपट्टा घेऊन निघाल्या. वीरजींनीच गाडीतून सोडलं आणि स्वतः बाहेर चपलांजवळ उभे राहिले.

हॉल भरलेला. बँकवाले, सैन्यातले, विद्यापीठातले, डॉक्टर, आमचे सर सोवळ्यासारखा उपरण्याचा घोळ सावरत पुढे. मागे पोरांचा हिंदीत दंगा, "मम्मी, अभी और कितनी आरती है?" हे झांज घेऊन अगदी मूर्तीपाशी. आरती सुरू झाली. पहिली कशी संथ, घोळवून. दुसरी जरा चढती. मग तिसरी, चौथी, आणि मग आपल्याकडे जे होतं ते झालं. शेवटाकडे सगळ्यांचे हात आपोआप पळायला लागले, टाळ्या दुप्पट, झांजा तिप्पट, घंटा बडवणाऱ्याला तर शुद्धच नाही. लहानपणापासून मला आरतीतला तोच भाग सगळ्यात आवडायचा. मी टाळ्या पिटत सहज मागे वळून बघितलं.

बीजी भिंतीशी उभ्या होत्या, हात जोडून. आणि त्यांचे पाय चालले होते. उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. जागच्या जागी! त्या बिचाऱ्या टाळ्या ऐकून नकळत मनातल्या ठोकळ्यावर चढत होत्या. संथ आरतीला संथ, आणि आता शेवटच्या गदारोळात तर अक्षरशः पळत होत्या, चेहरा लाल, घाम फुटलेला. अगदी त्या रविवारसारखा.

मी टाळी वाजवायची थांबले. त्या रविवारी पेरूखाली डोळे मिटून टाळ्या पिटणारे हे माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि आत्ता देवापुढे डोळे मिटून झांज पिटणारे हेही दिसत होते. तोच माणूस, तेच हात! ह्यांनी बीजींना पायरी नव्हती चढवली, आरतीला पळवलं होतं. आणि मला ऐकू कसं आलं नाही? येणार कसं! मीही ह्याच मातीतली. वेग वाढला तेव्हा माझ्या कानाला ते चुकलंय असं वाटलंच नव्हतं, उलट आता रंग चढला असं वाटलं होतं. मला इतकं हसू आलं की भर आरतीत तोंडाला पदर लावून मी गदगदा हलायला लागले. शेजारच्या काकूंना वाटलं मला भरून आलंय, त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

आरती संपते न संपते तोच मी सरांना कोपऱ्यात गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. मग स्वतःच्या तळहातांकडे बघितलं, ते अजून लालच होते. "अरे देवा," ते म्हणाले, "तुमच्या मिस्टरांनी आणखी किती जणांना चढवलंय?" "गल्लीतल्या चार बायकांना, सर." सर जे हसायला लागले, ते प्रसाद वाटणारी मुलं थांबून बघायला लागली. "त्या चौघींना पुन्हा बोलवा. आणि त्या आजींना मंगळवारी माझ्याकडे घेऊन या. पेटीसमोर. तुमच्या मिस्टरांना घरी ठेवा."

ह्यांना सांगितलं तर चिडलेच. "माझा ठेका चुकला? माझा?" मी त्यांना घरी गजरच्या घड्याळासमोर बसवलं आणि टाळ्या धरायला लावल्या. थोड्या वेळानं हे घड्याळाला मागे टाकून पुढे गेले. घड्याळाकडे रागानं बघत म्हणाले, "ह्याला भावच नाही काही."

खरी कठीण गोष्ट पुढे होती, ती म्हणजे वीरजी. मी सांगितलं, "वीरजी, ठोकळा बरोबर होता, टाळ्या चुकल्या." त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "भाभीजी, हवं ते उत्तर येईपर्यंत तुम्ही मोजतच राहणार का?" मला चढला राग, पण बोलणं अगदीच खोटं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही समोर उभे राहा. टाळ्या नाहीत, माणूस नाही, फक्त पेटी. नापास झाल्या तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, शपथ." बीजी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात बुटांचं खोकं होतं.

मंगळवारी आम्ही संस्थेत गेलो. तिथं त्याच मापाचा दुसरा ठोकळा होता. सरांनी पेटीला किल्ली दिली. टिक-टिक-टिक-टिक. बीजींनी ठोकळ्यासमोर उभं राहून एकदा डोळे मिटले आणि पाय उचलला. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, त्यांचे ओठ हलताहेत. वा, हे, गु, रू. एकेका टिकेला एक अक्षर, एकेका अक्षराला एक पाऊल. वर, वर, खाली, खाली. त्यांचा रोजचा जप. पेटी काही घाई करत नव्हती, आणि जपही नाही. कपाळावर घाम आला, श्वास वाढला, पण पाऊल होतं तिथंच पडत राहिलं. वेळ संपली. त्या बसल्या. मी मनगट धरलं. सर घड्याळ घेऊन शेजारी. बीजींची नाडी पळाली, अडखळली, आणि मग कशी शहाण्या पोरीसारखी खाली आली! सरांनी तक्ता पुढे केला. ह्या वेळी मी मोठ्यानं वाचलं. 'चांगली'. आणि मी काय केलं असेल? सरांच्या देखत बीजींना मिठी मारली.

सर वीरजींना म्हणाले, "आता आलाच आहात तर तुम्हीही चढा." बूट काढून, पगडी सावरून, कर्नलसाहेबांना हरवणारे वीरजी ठोकळ्यावर चढले. त्यांची नाडी किती वेळ पळत होती ते मी इथं सांगत नाही, त्यांचं मीठ खाल्लंय. खुर्चीत बसून ते धापा टाकत होते आणि बीजी त्यांना दुपट्ट्यानं वारा घालत होत्या, हसू दाबत.

धाप थांबल्यावर वीरजी म्हणाले, "दमाचं झालं. पण भीतीचं काय, बीजी? रस्त्यात काही झालं तर?" त्यांचा तो नेहमीचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

बीजी म्हणाल्या, "भीती मला नाही का? मीही पेपर वाचते. तू घरी बसून घाबर, मी चालत चालत घाबरते." वीरजींनी आपले बूट पायात चढवले. मग मान हलवली. ती होकाराची होती.

निघायच्या दिवशी सकाळी गेटपाशी गाडी उभी. बीजी व्हरांड्यात ठोकळ्यावर बसलेल्या, पायात बूट, लेस लोंबत. मी वाकणार तेवढ्यात वीरजी पुढे आले. ते अवाढव्य शरीर गुडघ्यांवर बसलं आणि त्यांनी आईच्या बुटांच्या लेस बांधल्या. एक गाठ, वर दुसरी, वर तिसरी. मी म्हटलं, "वीरजी, बूट आहे, पोतं नाही." ते हसले नाहीत. चौथी गाठ मारली.

मग वाट बघणं आलं. डोंगरातून फोन नाही, निरोप नाही. वीरजी बँकेतून आले की रेडिओ लावून बसायचे, आणि बातम्या संपल्या की अंगणात फेऱ्या मारायचे. गेटपासून पेरूपर्यंत, पेरूपासून गेटपर्यंत. मी वरून बघायची. राग नव्हता आता. एकदा मी खाली जाऊन चहा दिला आणि मीही त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या.

बस दुपारी येणार होती. ती लवकर पोचली आणि बीजी सकाळीच आल्या, रिक्षा करून. वीरजी फेरी मारत पेरूपर्यंत पोचले होते, पाठ गेटकडे. फाटक वाजलं म्हणून वळले, तर ह्या समोर. नाक उन्हानं सोललेलं, हातात तळ्याच्या पाण्याची बाटली, आणि बूट चिखलानं असे माखलेले की पांढरा रंग शोधावा लागेल. "घोड्यावर नाही बसले," त्यांनी दारातूनच जाहीर केलं, "एकदाही नाही. घोडेवाला मागे मागे येत होता, शेवटी तोच दमला. आणि ते पाणी! अरे, जीव गोठतो. मी तीन डुबक्या मारल्या." मी जिन्यावरून धावत खाली आले, माझे हात कणकेचे. त्यांनी मला जवळ घेतलं, कणकेसकट.

त्या ठोकळ्यावर बसल्या. वीरजी पुन्हा गुडघ्यांवर बसले आणि बूट काढायला गेले, तर हात थांबला. चारही गाठी जशाच्या तशा होत्या, चिखल वाळून घट्ट झालेल्या. "ह्या सोडल्या नाहीत?"

"सोडून परत कोण बांधणार? मला कुठं येतंय! आत जाताना ओढून काढायचे, बाहेर आले की पाय कोंबायचा. तू बांधलेल्या होत्या, टिकल्या बघ."

वीरजींनी खाली मान घातली आणि नखांनी गाठी उकलायला लागले. मी म्हटलं, "कात्री आणू?" त्यांनी मान हलवली, नको. दाढीवरून पाणी ओघळत होतं ते त्यांनी पुसलं नाही, आणि आम्हीही बघितलं नाही असं दाखवलं. बऱ्याच वेळानं एक बूट निघाला. त्यांनी दुसऱ्याला हात घातला तसा बीजींनी पाय मागे घेतला.

"तो सोडू नकोस. उद्या सकाळी पूर्वीसारखं तळ्यावर फिरायला जायचंय."

बीजींनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. वीरजी एक बूट हातात घेऊन तसेच बसून राहिले.

"किती वाजता निघायचं?" वीरजींनी विचारलं.